पोलोचे घोडे आणि जिमखान्याची जमीन

चर्चगेटहून समुद्राच्या कडेनें चर्नी रोडच्या बाजूस चालत गेलें, कीं उजव्या हातास हिंदू, पारशी, इस्लाम, कॅथलिक अशा नांवांचे जिमखाने लागतात. आंत मुलें पांढऱ्या कपड्यांत खेळत असतात. फाटकावरच्या पाट्या मात्र धर्माच्या. एका परगांवच्या पाहुण्यानें त्या पाहून मला विचारलें, "क्रिकेटच्या चेंडूला हा धर्म कुणीं लावला हो?" प्रश्न थट्टेचा होता. पण त्याचें उत्तर देण्यासाठीं मला जवळजवळ दीडशें वर्षें मागें जावें लागलें, आणि तेंच आज आपल्यापुढें मांडणार आहें.

मुंबईचें जुनें एस्प्लनेड मैदान कांहीं खेळासाठीं राखलेलें नव्हतें. किल्ल्याच्या तोफांचा मारा निर्वेध व्हावा म्हणून तटासमोर मोकळी ठेवलेली ती जागा. १८६० नंतरच्या दशकांत, सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असतांना, तट पाडण्यांत आला. तोफांचें काम संपलें, मैदान तेवढें उरलें. तत्पूर्वींच गोऱ्या सोल्जरांचा खेळ पाहून पारशी मुलांनीं बॅट हातीं घेतली होती. १८४८ सालीं त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. पाठोपाठ हिंदू आले आणि आपल्या रीतीप्रमाणें जातीजातींचे क्लब काढूं लागले. तरी मैदान सर्वांचें एकच होतें.

१८७५ सालीं यूरोपियनांनीं बॉम्बे जिमखाना स्थापन केला. (हा शब्द मूळ 'गेंदखाना' असावा असें सांगतात. इंग्रजांनीं आपलाच शब्द मोडून आपल्याला परत दिला!) त्यांचें क्रिकेटचें पटांगण स्वतंत्र व राखलेलें होतें. पण पोलोची हौस आली तेव्हां घोडे तेथें घालणें त्यांना परवडेना. ते हिंदी मुलें खेळत त्या परेडच्या भागावर आणले गेले. पावसानंतर भिजलेल्या जमिनीवर घोडा दौडला, कीं टापांचे खळगे पडतात, आणि तीं ढेपळें वाळलीं कीं पडलेला चेंडू कोठें उसळेल याचा नेम राहत नाहीं. फलंदाजाचे दांत आणि नाक दैवाच्या हवालीं!

१८८१ सालीं चारशें साठ हिंदी क्रिकेटपटूंनीं सह्या करून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केला. त्यांत पारशीही होते, हिंदूही होते. मागणें मोठें सरळ होतें: मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठीं शेंकडों मुलांची जागा खराब होऊं नये. १८८२ सालीं सरकारनें तें मान्य करून पोलो कूपरेजवर हलविला. पुढच्याच वर्षीं जिमखान्याचें वजन पडलें, निकाल फिरला आणि घोडे परत आले. या लढ्याचे एक धुरीण शापुरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं त्याचा साद्यंत इतिहास इंग्रजींत प्रसिद्ध केला. पुस्तक क्रिकेटचें, पण राजकारणाच्या कपाटांत ठेवण्याजोगें आहे.

येथून गोष्टीला वळण लागलें. मैदान सर्वांसाठीं मोकळें राखण्याऐवजीं, मागणारांना स्वतंत्र तुकडे देण्याची युक्ति सरकारला सांपडली. १८८५ सालीं पारशी जिमखाना स्थापन झाला. सर जमशेटजी जीजीभाई आणि जमशेटजी टाटा यांच्यासारखे पुरुष त्यामागें होते. त्याला केनेडी सी-फेसवर, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर, जागा मिळाली. मग मुसलमानांनीं अर्ज केला, हिंदूंनींही केला. तेव्हां गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडच्या संघाचे एके काळचे कर्णधार. त्यांनीं दोघांनाही जमीन दिली. पण धोरण असें ठरविलें, कीं प्रत्येक जमातीस एक जिमखाना, अधिक नाहीं. पुढें कोणी मागावयास आला तर त्यानें आपल्या जमातीच्या जिमखान्यांत नांव घालावें. हिंदू जिमखान्याचें उद्घाटन १८९४ सालीं हॅरिससाहेबांच्याच हस्तें झालें.

न्यायबुद्धीनें पाहिलें तर या व्यवस्थेंत लाभ कमी नव्हता. गवताला पाणी, जमिनीला रूळ आणि माळ्याला पगार लागतो, आणि हा भार सरकारी कचेरी मनापासून उचलीत नाहीं, क्लब उचलतो. जमीन सरकारची, निगा सभासदांची, ही वांटणी मला गैर वाटत नाहीं. गैर वाटतें तें एवढेंच, कीं चारशें साठ माणसांनीं एकत्र सही करून मागितली होती सर्वांची एक जागा, आणि पदरांत पडल्या वेगवेगळ्या जागा, प्रत्येकीच्या दारावर निराळा पहारेकरी.

रूळ फिरविणाऱ्या माणसाचें काय झालें, हें पाहण्याजोगें आहे. पुण्यांत यूरोपियनांच्या क्लबांत पळवणकर बाळू नांवाचा चर्मकार समाजांतील मुलगा महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखीत असे. जाळें लावावें, रेघा आंखाव्यात आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकावेत. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज त्याच्याच चेंडूंवर तासन् तास सराव करी. बाळूच्या हातीं बॅट मात्र कोणी दिली नाहीं. त्याच्या डाव्या हाताची कीर्ति पसरली तेव्हां पुण्यांतील हिंदूंनीं साहेबांना हरविण्यासाठीं त्याला संघांत घेतलें. खेळतांना चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळीं मात्र मंडळी पॅव्हिलियनमध्यें बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. पुढें मुंबईच्या हिंदू जिमखान्यानें थोड्या कुरकुरीनंतर त्याला घेतलें. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं यूरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्या संघांत बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही होता. सामना झाला तो बॉम्बे जिमखान्याच्या पटांगणावर! बाळूला हिंदू संघाचें कर्णधारपद नेमून असें कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालें. विठ्ठलचें 'माझें क्रीडा-जीवन' १९४८ सालीं मराठींत निघालें. ज्यांना तें मिळेल त्यांनीं तें अवश्य वाचावें.

जमातवार जिमखान्यांमागून जमातवार सामने आले: १९०७ सालीं तिरंगी, १९१२ सालीं चौरंगी, १९३७ सालीं पंचरंगी. गर्दी अफाट होई आणि रंगही भरे, हें नाकारूं नये. १९४० सालीं हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटावयास गेलीं, तेव्हां असे सामने बंद व्हावेत असें म्हणणारांच्या बाजूनें त्यांनीं मत दिलें. ते सामने १९४६ सालीं थांबले.

दरम्यान १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना झाला, तोही बॉम्बे जिमखान्यावरच. लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा काढल्या आणि लोक बेभान झाले. त्या दिवशीं त्या क्लबांत एकाही हिंदी माणसाला सभासद होतां येत नव्हतें; अमरनाथांनाही नव्हतें.

घोड्यांनीं खणलेली ती परेडची जागा आतां आझाद मैदान म्हणून ओळखली जाते. रविवारीं सकाळीं तेथें इतके सामने एकाच वेळीं चालतात, कीं एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या गोलंदाजामागें उभा असतो, आणि आलेला चेंडू कोणत्या सामन्याचा हें आधीं ओरडून विचारावें लागतें.