पंच उठून गेल्यावर

टेबलावर सैन्ये मांडून खेळायच्या युद्धखेळांत नियमाच्या अर्थावरून वाद झाला, की दोष सहसा लेखकाच्या भाषेला दिला जातो. वाक्य ढिसाळ होते, शब्द दोन अर्थांचा होता, संपादकाचे लक्ष नव्हते, असे म्हणून विषय मिटवला जातो. या खेळांचा जवळपास अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे निदान अपुरे वाटते. नियमांतली संदिग्धता कधी वाढली आणि कधी ओसरली, याचा संबंध लेखकाच्या शैलीपेक्षा दोन साध्या गोष्टींशी अधिक आहे. पटावर घरे आखलेली आहेत का, आणि टेबलाशी पंच बसलेला आहे का? यांपैकी एक जरी असेल तरी खेळ निभावून जातो. दोन्ही नसतील तर सगळा भार वाक्यांवर पडतो. तो पेलायचा तर वाक्ये लिहिण्याची रीतच बदलावी लागते, आणि ही रीत सापडायला फार काळ गेला.

ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या दरबारात उमराव घराण्यांतल्या मुलांना शिकवणारे गणिती योहान हेलविग यांनी १७८० साली बुद्धिबळावरून बेतलेला युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांच्या पटावर ४९ गुणिले ३३, म्हणजे १६१७ घरे होती. डोंगर, पाणी, दलदल हे सारे घरांच्या रंगावरून कळायचे. खेळाडू दोन, पंच नाही. तरीही अर्थाचे वाद फार होण्याचे कारण नव्हते, कारण सोंगटी एकतर या घरात असते किंवा त्या घरात. मधली जागाच नसते. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. खऱ्या रणभूमीवर नदी काटकोनात वळत नाही आणि घोडदळ चौकटीतून चौकटीत उड्या मारत नाही. सैनिकी पेशातल्या माणसाला असा पट अपुरा वाटला तर नवल नाही.

प्रशियातल्या राइसविट्झ पितापुत्रांनी या चौकटी पुसल्या. बापाने १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला आपला खेळ दाखवला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली तो पूर्ण रूपात छापला. आता पट म्हणजे १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा. प्रत्येक खेळी दोन मिनिटांच्या लढाईची. तुकड्या म्हणजे धातूचे छोटे ठोकळे, अंतर पट्टीने मोजायचे आणि गोळीबारातली हानी फासे व कोष्टके यांवरून काढायची. या कोष्टकांना प्रशियन सेनानी शार्नहोर्स्ट यांनी बंदुका-तोफांच्या परिणामांबद्दल जमवलेल्या माहितीचा आधार होता. आणि या सगळ्याच्या मध्यभागी पंच. खेळाडू हुकूम लिहून त्याच्या हाती देत. शत्रूला दिसेल अशी तुकडीच नकाशावर ठेवली जाई, बाकीच्या फक्त पंचाला ठाऊक असत. टेकडीआडची पलटण दिसते का, ओढा ओलांडायला किती वेळ लागेल, हे तोच सांगे. पुस्तकातले एखादे वाक्य अर्धवट असले तरी खेळ अडत नसे. वाक्याचा उरलेला अर्थ पंच जागच्या जागी पुरवत होता. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ सैन्याला शिफारस करून दिला, तेव्हा त्यांनी नियमांइतकाच हा पंचही सैन्यात नेला.

मग १८७०च्या दशकात एक साहजिक प्रश्न पुढे आला. पंच इतका जाणता आहे तर कोष्टके हवीत कशाला? प्रशियन अधिकारी याकोब मेकेल यांनी १८७३ मध्ये नियमांच्या जाचाविरुद्ध लिहिले. हिशेबात वेळ जातो, पंचाचा अनुभव बांधला जातो आणि ठरीव कोष्टकाला प्रत्येक प्रसंग सापडत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तीन वर्षांनी युलियस फॉन फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी फासे आणि कोष्टके जवळजवळ सोडूनच दिली. पंच म्हणेल ते प्रमाण. माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथूनच येतो. शब्दांचा कीस पाडण्यापेक्षा शहाणा माणूस नेमावा आणि मोकळे व्हावे. लष्करी वर्गात हे बरोबर आहे, असे मी मानतो. तिथे पंच हा वरिष्ठ असतो, शिक्षक असतो, आणि त्याचा निवाडा हाच धडा असतो. पण पंचाचा शब्द स्पष्ट असला म्हणजे निष्पक्षही असतो असे नाही. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम ‘यामातो’ या युद्धनौकेवर केली. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया यांनी नंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार फाशांनी जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पाडले, आणि मुख्य पंच असलेल्या अ‍ॅडमिरल उगाकी यांनी ते तीनवर आणले. तालमीत बुडालेली ‘कागा’ ही त्यांतली नौका पुढच्या टप्प्यात पुन्हा पाण्यावर आली. जूनमध्ये खऱ्या लढाईत ‘कागा’ बुडालीच. नियमात इथे काहीच संदिग्ध नव्हते. संदिग्ध होता तो नियम पाळण्याचा निश्चय.

शिवाय विसाव्या शतकात हा खेळ छावणीतून घरात आला, आणि घरात पंच कुठून आणणार? एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये घरेही नाहीत आणि निवाड्याला बसलेला जाणकारही नाही. पायदळ एका खेळीत एक फूट जाते, घोडदळ दोन फूट. त्यांनी गोळीबाराचा प्रश्न ज्या रीतीने सोडवला ती मला या साऱ्या इतिहासातली फार हुशारीची युक्ती वाटते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळा खरोखर उडवायचा, शिपाई आडवा पडला तर मेला. वाद घालायला वाक्यच उरत नाही. पण ही युक्ती पुढे टिकली नाही. तोफेची जागा फाशांनी घेतली, आणि शिपाई भिंतीआड अर्धा दिसत असेल तर तो दिसतो म्हणायचे की नाही, हा प्रश्न थेट नियमाच्या वाक्यावर येऊन आदळला. पुतळ्यांच्या युद्धखेळात ना घरे, ना पंच, ना तोफ.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९९० साली इंग्लंडात निघालेला ‘डीबीए’. फिल बार्कर, रिचर्ड बॉडली स्कॉट आणि सू लाफ्लिन-बार्कर यांचा हा प्राचीन लढायांचा खेळ. प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या, दोन फुटी चौरस मैदान, तासाभरात निकाल आणि नियम अगदी मोजक्या पानांत. बार्कर यांची वाक्ये इतकी घट्ट विणलेली की खेळाडूंनी त्यांच्या भाषेला त्यांच्याच नावावरून ‘बार्करीज’ म्हणायला सुरुवात केली. एका तुकडीचा कोपरा दुसरीच्या कडेला टेकला तर त्या भिडल्या म्हणायच्या का, भिडताना सरळ रेषेत येण्यासाठी किती सरकायचे, असे प्रश्न टेबलाटेबलावर उठत. शेवटी अमेरिकेतल्या खेळाडूंनी आकृत्यांसह एक अनधिकृत मार्गदर्शक तयार केला, आणि तो मूळ नियमांच्या कितीतरी पट मोठा झाला. बार्कर निष्काळजी लेखक नव्हते. त्यांचा प्रत्येक शब्द तोलून टाकलेला असे. पण तोललेला शब्द फक्त लेखकाच्या तराजूवर तोललेला होता, आणि मोजक्या पानांचा मोह त्यांना भारी पडला.

‘डीबीए’च्या कितीतरी आधी दुसऱ्या वाटेने बरेच काही साधले होते. बाल्टिमोरच्या चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ काढला आणि पटावर घरे परत आणली. १९६१ पासून त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिलच्या पटांवर ही घरे षटकोनी झाली. पंच गेला होताच, पण घरांनी जागेचा प्रश्न मिटवला. मिटले नाही ते हालचालींचे नाते. शत्रूच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे त्याच्या तुकडीलगतच्या घरांत, शिरलेल्या तुकडीने थांबावे, हा नियम घ्या. वाचायला सरळ. पण तुकडी आधीच अशा घरात उभी असेल तर? तिथून निघून लगतच्या, तशाच प्रभावाखालच्या घरात जाता येते का? त्या घरात आपलीच तुकडी असेल तर शत्रूचा प्रभाव उरतो का? या तीन प्रश्नांना वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, म्हणून दुसऱ्या खेळाच्या सवयीने अर्थ लावणारा फसतो.

न्यूयॉर्कच्या एसपीआय या प्रकाशनसंस्थेने, म्हणजे जिम डनिगन आणि रेडमंड सायमनसेन यांच्या मंडळींनी, १९७०च्या दशकात यावर जो उपाय रुजवला तो माझ्या मते या क्षेत्रातली खरी क्रांती आहे. प्रत्येक प्रकरणाला क्रमांक, समजा ६.०. त्याखाली आधी सर्वसाधारण नियम, मग कृती, मग एकेक प्रसंग ६.१, ६.११, ६.१२ असा सुटा. प्रसंगाला क्रमांक मिळाला की शंकेलाही पत्ता मिळतो. पुस्तिकेतच वाचकांना सांगितलेले असे, की शंका पत्राने विचारा, उत्तर एका साध्या वाक्यात, शब्दात किंवा आकड्यात देता येईल अशी विचारा, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडा. फोनवर उत्तराची खात्री देत नसत. या अटींत टपालखर्चाची बचत असेल, पण मला त्यात शिस्त दिसते. एका शब्दात उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा म्हणजे वाचकाने आधी स्वतःची शंका नेमकी कुठे अडते आहे हे शोधायचे.

यावर म्हणतात की अशा क्रमांकांनी खेळाचा कायदेग्रंथ होतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ (१९८५) हे त्याचे टोक आहे आणि तो नवख्याला धडकी भरवतो, हे खरेच. पण त्याच खेळात दृष्टिरेषेचा वाद कसा मिटतो पाहा. दोन घरांच्या मध्यबिंदूंमध्ये दोरा ताणतात, आणि तोही गोळीबार जाहीर केल्यावरच. आधी ताणून अंदाज घेता येत नाही. दिसते का, हा प्रश्न पुन्हा वेल्स यांच्या तोफेसारखा वस्तूवर सोपवला गेला. या खेळाची नियमावली कड्यांच्या फाइलमध्ये असते. दुरुस्तीचे नवे पान आले की जुने काढून टाकायचे. दुसरा आक्षेप ‘वॉरहॅमर’ या पुतळ्यांच्या युद्धखेळाच्या परंपरेतला आहे. वाद झाला तर फासा टाका, एक ते तीन आला तर एकाचे खरे, चार ते सहा आला तर दुसऱ्याचे, आणि खेळ पुढे चालू द्या. संध्याकाळ वाचते हे मान्य, आणि मित्रांच्या टेबलावर तेच करावे. पण ज्याने आपल्या अर्थावर विसंबून तीन खेळ्या आधीपासून डाव रचला, त्याला फासा न्याय देत नाही. आणि तो निकाल कुठेच लिहिला जात नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात तीच शंका नव्याने उभी राहते. स्पर्धेत तर शेजारच्या दोन टेबलांवर दोन वेगळे खेळ चालतात.

म्हणून शंकेचे उत्तर लेखकाच्या मनात, पत्रात किंवा फाशावर राहून चालत नाही. ते नियमाच्या पानावर, त्याच क्रमांकाखाली परत यावे लागते. एसपीआय १९८२ मध्ये बुडाली, पण तिची क्रमांकांची रीत आजही षटकोनी पटांच्या नियमपुस्तिकांत पाळली जाते. आणि ‘डीबीए’? अनेक वर्षे खेळाडूंच्याच मार्गदर्शकावर भागवल्यानंतर २०१४ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तीत लेखकांनी स्वतःच आकृत्या घातल्या.