प्रस्तावना : यंत्राला सांगणारे मूल

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि शाळा-महाविद्यालयांतली चर्चा एकाच प्रश्नावर अडकली : हा निबंध लिहिला कोणी? प्रश्न रास्त आहे. तरी मुलांची सर्जनशीलता आणि संगणक या अभ्यासक्षेत्राची मुळे त्याहून जुनी आहेत, आणि नव्याने येणाऱ्याने आधी तिथे जावे.

१९६७ साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्यात आज्ञेप्रमाणे रेषा काढत फिरणारे कासव आले. मूल कासवाला आज्ञा देते, चौकोन वाकडा येतो, मग मूल आपलीच आज्ञा पुन्हा तपासते. संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. २००७ मध्ये एमआयटीतून आलेल्या ‘स्क्रॅच’ने हीच वाट रुंद केली.

आज एआयला दिलेल्या एका वाक्यावर चित्र, गाणे, गोष्ट तयार मिळते. वाकडा चौकोन दिसतच नाही, त्यामुळे तो सरळ करण्याची खटपटही गळते. माझ्या मते या क्षेत्राचे सारे काम ती खटपट वर्गात परत आणण्याचे आहे.

दोशी आणि हाउझर यांचा २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ने छापलेला प्रयोग यासाठी अवश्य वाचावा. छोट्या कथा लिहिणाऱ्यांपैकी काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना मिळाल्या. त्यांच्या कथा वाचकांना अधिक सर्जनशील वाटल्या. मुळात कमी सर्जनशील असलेल्यांना फायदा सर्वाधिक झाला. मात्र त्या कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. एकेकट्या मुलाचे भले आणि सबंध वर्गाचे नुकसान एकाच वेळी होऊ शकते, ही गोष्ट शिक्षकासाठी फार मोलाची आहे.

म्हणून पहिला खर्डा मुलाचा असावा, तोही त्याच्या स्वतःच्या ऐवजातून : सिंधुदुर्गातल्या मुलीने पाहिलेला दशावतार, आजीच्या तोंडून ऐकलेली ओवी. मग यंत्राकडून त्याची चार-पाच रूपे मागावीत आणि कोणते का नाकारले, हे मुलाने लिहावे. (युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे, लहानांसाठी ‘स्क्रॅच’ पुरेसे आहे.)

शिक्षकांनी एवढे जरूर करावे : गुण देताना तयार चित्राआधी नकाराची ती कारणे वाचावीत.