शेडमाके, बाबूराव

(१२ मार्च १८३३ – २१ ऑक्टोबर १८५८). चांदा (चंद्रपूर) भागातील १८५८ च्या ब्रिटिशविरोधी उठावाचे गोंड नेते, मोलमपल्लीचे जमीनदार. जन्म अहेरीजवळील किष्टापूरचा. गोंड तरुणांची फौज उभारून मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहिताकाठी चिचगुंडीच्या तारखात्याच्या छावणीवर छापा घालून त्यांनी गार्टलँड व हॉल या इंग्रजांना ठार केले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने मग बाबूरावांना पकडून देण्यासाठी अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. जंगलात इंग्रजांना न सापडलेले बाबूराव अखेर लक्ष्मीबाईंमार्फतच पकडले गेले. चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, तेव्हा ते पंचविशीतच होते. २००९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.