इलेक्ट्रॉन लांब कोण नेतो?

शालेय पुस्तकांपासून पदवीच्या ग्रंथांपर्यंत प्रकाशसंश्लेषणाची तीच आकृती दिसते. थायलॅकॉइडच्या पटलात प्रकाशप्रणाली २, शेजारी सायटोक्रोम बी६एफ, त्याला लागून प्रकाशप्रणाली १. तिच्यामुळे एक समज रुजला आहे: प्लास्टोक्विनोन पटलभर मोकळा फिरतो, इलेक्ट्रॉनांची दूरची वाहतूक तोच करतो आणि प्लास्टोसायनिनकडे उरते ती शेवटची छोटी खेप. हा समज टिकणारा नाही.

पूर्वपक्ष दुबळा आहे असे मात्र नव्हे. प्लास्टोक्विनोनचा रेणू लहान, मेदात विरघळणारा. निव्वळ मेदाच्या थरात तो झपाट्याने सरकतो. प्लास्टोसायनिन त्यामानाने थोराड, साडेदहा हजार डाल्टनच्या आसपासचे तांबेयुक्त प्रथिन. लहान रेणू लांब जाणार, हे तर्काला पटते.

पण ग्रॅनातले, म्हणजे थायलॅकॉइडच्या थप्प्यांतले, पटल निव्वळ मेदाचे नाही. त्याचा सुमारे ७० ते ८० टक्के पृष्ठभाग प्रथिनांनी व्यापलेला असतो. या दाटीत प्लास्टोक्विनोनची वाट ठिकठिकाणी अडते. जोलिओ, लाव्हेर्न आणि बेआल यांनी १९९२ मध्ये हे दाखवून दिले. प्रकाशप्रणाली २ ची बहुतेक केंद्रे विषद्रव्याने बंद केली, तर उरलेल्या केंद्रांनी सगळा प्लास्टोक्विनोन भरभर क्षपित करायला हवा होता. साठा सामाईक असता तर तसेच घडले असते. प्रत्यक्षात जवळपासचाच भाग लवकर क्षपित झाला. म्हणजे हा वाहक छोट्या छोट्या कप्प्यांत अडकलेला आहे.

मग अंतर कोण कापतो? कारण अंतर आहेच. अँडरसन आणि अँडरसन (बर्टिल व जॅन) यांनी १९८० मध्ये पालकाच्या हरितलवकांवर काम करून दाखवले की प्रकाशप्रणाली २ प्रामुख्याने ग्रॅनाच्या थप्पीत असते, तर प्रकाशप्रणाली १ थप्पीबाहेरच्या मोकळ्या पटलात. ग्रॅनाचा व्यास शेकडो नॅनोमीटर भरतो. सायटोक्रोम बी६एफ मात्र थप्पीतही सापडते, प्रकाशप्रणाली २ च्या अगदी जवळ. तेव्हा प्लास्टोक्विनोनला जवळची फेरी पुरते. लांबचा पल्ला प्लास्टोसायनिनचा, आणि तो पटलातून नव्हे, आतल्या पोकळीतून.

इथे प्रतिपक्ष एक वाजवी शंका काढतो: ही पोकळी अरुंद आहे, शिवाय प्रकाशप्रणाली २ चे ऑक्सिजन सोडणारे भाग तिच्यात डोकावतात. अंधारात ही अडचण खरी आहे. किर्खहोफ यांच्या गटाने २०११ मध्ये मोजमाप केले, तेव्हा ही पोकळी अंधारात साधारण ५ आणि प्रकाशात ९ नॅनोमीटर रुंद भरली. गरज असते तेव्हाच वाट रुंदावते.

निर्णायक पुरावा २०२० चा आहे. ग्रॅनाचा व्यास वेगवेगळा असलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या उत्परिवर्तित रोपांत ग्रॅना जितकी रुंद, तितकी प्लास्टोसायनिनची ये-जा मंदावलेली आढळली. वनस्पतींनी ग्रॅनाचा व्यास ठरावीक मर्यादेतच का राखला, याचेही उत्तर त्यातून मिळते. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो.

हिल आणि बेंडॉल यांचा १९६० चा झेड-आराखडा यामुळे खोटा ठरत नाही. तो ऊर्जेच्या पायऱ्या दाखवतो. त्यालाच जागेचा नकाशा समजणे ही चूक आहे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: दोन्ही प्रकाशप्रणाल्या दूरदूर काढा, आणि त्यांच्यातला लांब बाण प्लास्टोसायनिनच्या नावाने दाखवा.