मुक्या ग्रामोफोनची दुरुस्ती

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनविला. पुढे सपाट तबकडीचा ग्रामोफोन आला आणि १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. त्या काळची यंत्रे आज बहुधा मुकी आढळतात. दोष पुष्कळदा साउंडबॉक्समध्ये असतो. अभ्रकाची चकती धरून ठेवणारे रबर कडक होते व आवाज खरखरतो. रबर नवे घालावे. अभ्रक शाबूत असेल तर मात्र बदलू नये. स्प्रिंगच्या डब्यातले गोठलेले ग्रीस धुऊन काढावे लागते. (विद्यार्थ्यांनी त्या डब्यास हात लावू नये, बोटांवर बेतते!) जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग फुगून तडकले की इलाज नाही. काहीजण पितळ घासून चकचकीत करतात. त्यात कारखान्याचा मूळ मुलामा जातो आणि यंत्राचे वय सांगणारा पुरावाही.