मलिक-ए-मैदान तोफ
परंड्याच्या (जि. धाराशिव) भुईकोट किल्ल्यावर काही काळ असलेली निजामशाहीची मिश्रधातूची महातोफ. अहमदनगरला १५४९ मध्ये महंमद रूमी याने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साधारण ४.५ मी. तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाच्या जबड्यासारखे. त्यात शोभेपेक्षा धाक घालण्याचा हेतू उघड दिसतो. दारू व गोळा तोंडाकडून ठासत. मागच्या छिद्रात रंजक (पेट घेणारी बारीक दारू) घालून बत्ती दिली की आतली दारू पेटे. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती परंड्याहून आदिलशाहीच्या राजधानीत, विजापूरला नेली; एवढे धूड हलवणे ही लढाईहून लहान कामगिरी नव्हे. विजापूर जिंकल्यावर (१६८६) औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरविला. पुढे इंग्रज अमलात १८५४ मध्ये काढलेल्या लिलावात तिला जेमतेम १५० रुपयांची बोली आली. विक्री रद्द झाली.