महागाई आणि जमीन: १९६४ ची सनद

महागाई हा आंबेडकरी चळवळीचा विषय नाही, असे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. आपला इतिहास वेगळे सांगतो.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा राबवा, बौद्धांना सवलती द्या, या मागण्यांसोबत धान्याचे पुरेसे वाटप करा आणि भाववाढ रोखा, हीही मागणी तीत होती. ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. भूमिहीनांनी तुरुंग भरले.

या मागण्या एकत्र का? ज्याला शेत नाही, त्याला ज्वारीही विकत आणि रॉकेलही विकत. भाव आधी चढतात, मजुरी मागे रखडते. चलनाचे मूल्य घसरले की एका वर्गाचा नफा दुसऱ्या वर्गाच्या तोट्यातून येतो, हे बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे मांडलेच होते.

म्हणून महागाई ही जातिव्यवस्थेने भूमिहीन ठेवलेल्यांवर आधी कोसळते. नुसते स्वस्त धान्य मागून भागणार नाही. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात गॅस, डाळ, मजुरी आणि जमीन एकाच कागदावर लिहूया.

जय भीम!